आठ वेळा उठायचं, मग थांबायचं

मंगळवार, दुपार

ताई,

तुला नमस्कार, पोरीला पापा. भावोजींना काय द्यायचं ते तूच ठरव.

हे पत्र सात महिने लांबवलं. चारदा कागद घेतला. एकावर दुकानाच्या सामानाची यादी झाली, दुसऱ्यावर मांजर काढलं, बाकीचे दोन कुठं गेले कोण जाणे. आज पुरं करतोच.

मी बरा आहे. सायकल दुरुस्तीच्या दुकानात चाकं सरळ करतो. चाक फिरवायचं, कुठं लचकतंय ते बघायचं, तेवढीच तार पाव आटा आवळायची. मालकाला वाटतं, पोराला कामाची गोडी आहे. खरं म्हणजे ते बसून करता येतं, म्हणून धरलंय.

शिवाय आठवड्यातून दोनदा व्यायामाला जातो. हस हवं तर, पीटीच्या तासाला भिंतीवरून उडी मारून पळणारा मी. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर खोली आहे, तिथं एक फिजिओ बाई असतात. खुर्चीच्या पायाला रबरी पट्टा बांधून घोट्यात अडकवायचा आणि ताणायचा. पिवळा पट्टा हलका, लाल चिवट, हिरवा त्याहून चिवट. मग खुर्चीवरून हात न टेकता आठ वेळा उठायचं आणि दोन मिनिटं पंख्यासमोर गप्प बसायचं. गप्प बसणंच मला जड जातं. शेजारी शिलाईवाल्या काकू असतात. त्यांच्या बोटांना आता सुई कळत नाही, पण जिभेला सगळं कळतं. "तोंडाचे पुरे झाले," म्हणतात, "आता पायाचे आठ काढ."

ही खोली कोणासाठी आहे ते मी सांगत नाहीये, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

भावोजींचे साहेब तुझ्याकडे जेवायला आले होते, तो रविवार. माझ्या हातून भाजीचं पातेलं सांडलं, मीही सांडलो. भावोजी म्हणाले, "भरदुपारी ढोसून आलाय हा." मी नाही म्हणेन म्हणून तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी गप्प. ताई, थेंबही घेतला नव्हता. उजवा पाय उचललाच गेला नाही. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मेंदूचा निरोप वाटेतच अडकतो, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. रिपोर्ट तेव्हा खिशातच होता. वाटलं, दारुड्या भावावर तू चार दिवस चिडशील, आजारी भाऊ मात्र जन्माचा गळ्यात पडेल. म्हणून संध्याकाळी पिशवी उचलली आणि तुझं घर सोडलं.

आजार गेलेला नाही, जाणारही नाही म्हणतात. पण पायात जरा जोर आलाय. आधी दवाखान्याच्या जिन्यावर दोनदा बसावं लागायचं. आता एक हात कठड्याला लावून सरळ वर जातो, दुसऱ्या हातात काकूंची पिशवी.

मागच्या आठवड्यात मात्र गाढवपणा केला. मधेच नदीकाठानं भटकायला गेलो होतो, व्यायामाच्या दोन खेपा बुडाल्या. परत आल्यावर सगळं एका दमात उरकायला गेलो. उकाडा, पंखा बंद, थेट हिरवा पट्टा. पाय ओल्या गोणपाटासारखा झाला, एका डोळ्यापुढं धुरकट झालं, आणि पडलो. वाटलं, संपलं. बाईंनी मानेवर गार पंचा ठेवला, डॉक्टरांना बोलावलं. तासाभरात नजर निवळली. तेव्हा कुठं बाई रागावल्या. "ही काय बुडालेली हजेरी आहे, एका दिवसात भरून काढायला? अंग तापलं की निरोप जास्तच अडतात." त्या तासभर काकू माझे तळवे चोळत होत्या, आपल्या त्या बधिर बोटांनी. मी त्यांचा कोण लागतो? आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "घरी कळव. तेवढं केलंस तरी पुष्कळ."

म्हणून आज त्याच खोलीत बसून लिहितोय. तुझ्याकडून काही मागत नाही. फक्त तुझा भाऊ खोटा नव्हता, घाबरट होता, एवढं

थांब. जिन्यात कोणीतरी आलंय. पडलो त्या दिवशी बाईंनी फॉर्मवरच्या घरच्या नंबरावर फोन केला होता म्हणे, हे आत्ता सांगतायत. तो नंबर भावोजींचा. मला तेवढा एकच पाठ होता. आणि दारात तेच उभे आहेत, धापा टाकत, एकटे. बाईंना विचारतायत, "एवढ्या पायऱ्या तो चढतो?"

"आठवड्यातून दोनदा," बाई म्हणाल्या.

अजून माझ्याकडे बघितलेलं नाही त्यांनी. आधी तुला सांगायचं ठरवलं होतं, पण आता त्यांनाच तोंडावर सांगतो. हे पत्र तुझ्यासाठी त्यांच्याच हाती देईन.

त्या दिवशीही शुद्धीवर असलेला,
तुझा धाकटा