जेवणाच्या टेबलावरचा धूर

रवि. ७ नोव्हेंबर १९७६
जेवणाचं टेबल पुन्हा गेलं. आम्ही तिघं, हे, मी आणि बाबा, सतरंजीवर जेवलो, आणि टेबलावर ह्यांच्या भावानं जर्मनीहून पाठवलेली आगगाडी गोल गोल फिरत राहिली. वीतभर इंजिन. धुराड्यात तेलाचे थेंब सोडायचे, ते तापले की पांढरा धूर. ह्यांनी आज इतकं तेल घातलं की भरदिवसा दिवा लावायची वेळ आली. "बघ, बघ, ढग!" विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला माणूस! शेजारचे वानखेडे टाळ्या पिटत होते. "वा साहेब, अगदी असली!" वानखेड्यांनी असली इंजिन फलाटावरून पाहिलेलं.
मी इंजिन ड्रायव्हरची मुलगी. हा धूर नव्हे. उदबत्ती विझली की असा निघतो.

सोम. ८
बाबांच्या डोळ्याचे टाके निघाले, जाड चष्मा मिळाला. डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही. झालं, घरी येताच पिशवी मागितली. "लेकीच्या घरी किती राहायचं वं? डॉक्टरनं अडकवलं म्हणून राह्यलो." गुरुवारी काटोलला जाणार. तेही बसनं. गाडीला आता डिझेल इंजिन लावतात, त्याच्या मागं बसायची त्यांना लाज वाटते.
काटोलच्या घरी कोण आहे? श्रावणात न्हाणीत पडले, तर शेजारणीला संध्याकाळी कळलं. पण 'इथंच राहा' म्हटलं की आजच निघतील. त्यांना राहायला कारण लागतं.

मंगळ. ९
नवा चष्मा लावून बाबा आज टेबलाजवळ गेले. बराच वेळ पाहिलं. मग, "जावईबापू, तुमचा फायरमन झोपून राहिला का?"
"कोण फायरमन?"
"भट्टीत कोळसा टाकते तो. एवढा धूर म्हणजे कोळसा वाया. चांगल्या इंजिनाचा धूर दिसते का नाही दिसत, असा पाह्यजे."
ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा. मला फार बरं वाटलं.
आमच्या कॉन्व्हेंटच्या मागून लाइन जायची. गाडीचा आवाज आला की सिस्टर दोरीवरचे पांढरे कपडे आत घ्यायला लावत. बाबांची गाडी असली की बाहेर राहिलेल्या कपड्यांवरही एक ठिपका पडत नसे. पण ते माझे बाबा, हे मी कुणाला सांगितलं नाही. एकदाही नाही.

बुध. १०
बाबा खुर्चीत, हे तेलाची बाटली घेऊन समोर उभे. "चार थेंब?" "तीन. सपाट लाइन आहे, काहून ओतता?" हे वहीत लिहून घेतात. पस्तीस वर्षांत माझं एक वाक्य लिहून घेतलं नाही.
संध्याकाळी बाबा हळूच, "उद्या नाही जात वं. जावईबापूले अर्ध्यावर कसं सोडू?"
डॉक्टरचं कारण संपलं, आता धुराचं. मला ते खेळणं आवडलं असं नाही. असू दे, इतकंच.

शनि. १३
ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, इतक्यात शिकू नका.
"म्हणजे?"
"जरा चुकत राहा."
दुखावले. "अगं, पण जमत आलंय! काल दोन फेऱ्या अगदी..." जन्मात एक खिळा सरळ ठोकता आला नाही, त्या माणसाला नेमकं हेच जमायचं होतं.

सोम. १५
जमलं. दुपारी चार वाजता. दोन थेंब, गाडी संथ, आणि धुराड्यावर केसाएवढी रेघ. बाबा उठून उभे राहिले. "आता बराबर." ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. लग्नापासून प्रथमच. हे रडायच्या बेतात. गाढव.
जेवताना बाबा म्हणाले, "चला, मोकळा झालो. उद्या दहाची बस."
तेव्हा कुठं ह्यांच्या डोक्यात उजेड पडला. भात तसाच टाकून उठले. मी आग्रह केला नाही.

मंगळ. १६
स. ९.३५. बाबा टोपी घालून, पिशवी घेऊन बाहेर आले. सायकलरिक्षा दाराशी. हे टेबलाशी उभे, हातात ती बाटली. बाबा थांबले.
"जावईबापू, हे उलटं चालते का?"
"उलटं?"
"टेंडर, म्हणजे कोळशाचा डबा, पुढं. वळवायले जागा नसली का आम्ही तसंच आणत होतो. धूर वेगळाच जाते तेव्हा."
"उलटं मला अजिबात येत नाही, बाबा."
ते खरं होतं की काय, कोण जाणे. ह्यांना खोटं बोलता येत नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.
बाबा खुर्चीत बसले. पिशवी खाली ठेवली नाही, मांडीवर घेतली. "दोन थेंब टाका. पाहू."
रिक्षावाला घंटी वाजवतोय. मी चहाचं आधण ठेवलंय, तिघांचं. पावणेदहा.