काचेतलं तांबूस धुकं

प्रिय ताई,

किती दिवस झाले, रोज ‘आज ताईला लिहायचंच’ म्हणतो आणि कागद समोर आला की मला एकाएकी नखं कापायची आठवण होते. आता मात्र बसलोय. शिव्या मनातल्या मनात दे, पण पुढे वाच.

मी एका प्रयोगशाळेत काम करतो. हसू नकोस! गॅसच्या टाक्या बदलायच्या, पंप नीट चाललाय ना ते बघायचं, काचभांडी धुवायची. इथल्या प्रमुख बाई शनीच्या सगळ्यात मोठ्या चंद्राची हवा एका काचेच्या गोळ्यात तयार करतात. म्हणजे बराचसा नायट्रोजन आणि थोडा मिथेन. तिथे खूप उंचावर सूर्याचे अतिनील किरण या वायूंचे रेणू फोडतात; इथे ते काम विजेची ठिणगी करते. फुटलेले तुकडे गप्प बसतात होय? दिसेल त्याचा हात धरतात. साखळ्या लांबत जातात, त्यांची गोल कडी बनतात, आणि शेवटी इतकी जड होतात की तांबूस धुकं होऊन खाली उतरतात. कार्बनची एवढी संयुगं, जिवंत असं कोणीही नसताना, नुसत्या हवेत! पहिल्याच आठवड्यात गोळ्याच्या आतला तपकिरी चिकट थर मी काजळी समजलो आणि ब्रश घेऊन भिडलो, तर बाई ओरडल्या, “अरे थांब! तेच तर आमचं पीक आहे!” तेव्हापासून मी इथला ‘सफाईसम्राट’.

माझ्या पायाला भिंगरी. जहाजाच्या भटारखान्यापासून सर्कशीच्या तंबूपर्यंत कुठे म्हणून टिकलो नाही (सर्कशीतल्या चावऱ्या घोड्याची गोष्ट नंतर सांगेन, भन्नाट आहे). तोच मी या गोळ्यासमोर तासन्‌तास बसतो, आणि उठावंसं वाटत नाही.

परवा पंप कुरकुरायला लागला. बंद पडला असता तर बाहेरची हवा शिरून सगळं पीक वाया. बाई म्हणाल्या, “तू पंप दुरुस्तीवाल्यांच्या घरचा ना? बघ जरा.” मी ऐटीत कान लावला. ताई, मला ओ का ठो कळलं नाही! तुला दारातूनच कळलं असतं, बेअरिंग गेलंय की वाइंडिंग. शेवटी कारागीर बोलवावा लागला.

तेव्हाच ठरवलं. बाबा इतकी वर्षं दुकान माझ्यासाठी राखून बसलेत. मोटारींच्या तारा गुंडाळतेस तू, गिऱ्हाईकं सांभाळतेस तू, आणि पाटीवर ‘आणि पुत्र’! त्यांचा निरोप आलाय, ये, कागद तुझ्या नावावर करतो. मी येणार नाही. बाई मला कायम ठेवतायत आणि मला राहायचंय. दुकान तुझं आहे. बाबांना हे मीच सांगणार. पण त्या वेळी तू ‘राहू दे, भाऊच बघेल’ म्हणत मागे सरू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र.

थांब, दार वाजलं.

अगं, बाबा! कधी गाव न सोडलेले आपले बाबा, हातात पिशवी, आणि दारातूनच “चल, सामान बांध.” मी खुर्ची दिली आणि आधी एकच विचारलं, “दुकान कोणावर टाकून आलात?”

“कोणावर म्हणजे? तुझ्या ताईवर! ती असताना मला कसली काळजी?”

बोलून गेले आणि स्वतःच चमकले. आता पाणी पितायत. पेला खाली ठेवला की मी सुरुवात करतो.

तुझाच,
भिंगऱ्या