बाबांच्या खिशातला पुडा

बाबा,

चिंगीचं ब्लडप्रेशर पुन्हा चढलं, म्हणून तिला दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टरांशी मीच बोलले, अगदी धीटपणे! दुखणं मुळात किडनीचं आहे, त्यामुळे मीठ बंद म्हणजे बंद. भाजी तुमच्यासाठीही अळणीच केलीय, नाक मुरडू नका.

तुम्ही रोज खिशातून आणायचात त्या वेफर्सच्या पुड्यावरून आई तुम्हाला नको नको ते बोलली. तेव्हापासून चिंगी झोपल्यावरच तुम्ही घरी येता, कळतं मला. आज नर्स ब्लडप्रेशर मोजायला दंडाला पट्टा आवळत होती तेव्हा चिंगी म्हणाली, "ताई, पुडा आणायचा नाही म्हणून बाबा येत नाहीत का गं?"



वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे. रिकाम्या हातांनी या.

तुमची मोठी