एकाच रस्त्यावरचा इंडिकेटर

तीर्थरूप बाबांना,

आधी नमस्कार, मग कबुली.

रविवारी मी गाडी चालवली. तीही ऑफिसातल्या मैत्रिणीची स्पोर्ट्स कार. घाबरू नका, शर्यतीच्या ट्रॅकवर चालवली. तिथे काही दिवस हौशी लोकांना आपापल्या वेगाने फेऱ्या मारू देतात. शर्यत नसते, नंबर नसतो. हेल्मेट होतं. पट्टा दोनदा तपासला.

सगळे मला मागे टाकून गेले. मी प्रत्येकाला बाजू दिली आणि प्रत्येक वळणाला इंडिकेटरही दिला, तुम्ही शिकवलंत तसा. शेजारी बसलेले प्रशिक्षक शेवटी म्हणाले, "अहो ताई, इथे रस्ता एकच आहे. सगळे तिकडेच वळणार."

"असू दे. बाबांनी लावलेली सवय आहे."

"मग देत राहा. बाबांशी कोण भांडणार?"

गेल्या वर्षी तुम्ही शेजारी असताना मी गाडी फाटकावर घातली, तुमचा हात मोडला, तेव्हापासून स्टिअरिंगला शिवले नव्हते. पहिल्या फेरीत सरळ रस्त्यावरही ब्रेक दाबत होते. चौथ्या फेरीत लक्षात आलं, मी चक्क गुणगुणत होते.

हात आता खांद्याच्या वर जातो का? आईला विचारलं की ती "बरा आहे" म्हणून विषय बदलते. तिला हे पत्र दाखवायचं का, ते तुम्ही ठरवा.

पुढच्या महिन्यात इकडे याल, तेव्हा विमानतळावर मी न्यायला येऊ? साध्या गाडीने, सावकाश. टॅक्सी हवी असेल तर तसं कळवा, मला वाईट वाटणार नाही.

वाटेल, पण थोडंच.

तुमच्या होकाराची वाट बघणारी,
धाकटी