पदरावरचा कागदी झेंडा

२६ जानेवारी १९९२, सापुतारा. संध्याकाळ

हे सोडा आणायला खाली गेलेत, तेवढ्यात लिहून टाकते.

सकाळी सिल्वासात शाळेचं झेंडावंदन उरकलं आणि यांनी भरून आणलेली पिशवी घेऊन तशीच बसमध्ये चढले. पदराला टाचलेला कागदी झेंडा काढायला लागले, तर हे म्हणाले, "राहू दे, शोभतो." बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लाजलेसुद्धा.

आमच्या सिल्वासात दारू उघड मिळते, गुजरातेत बंदी. त्यामुळे हद्दीवरच्या नाक्यावर पोलीस बसमध्ये चढला आणि एकेकाची पिशवी उपसू लागला. माझ्यापाशी आला, झेंड्याकडे बघितलं. "टीचर छो ने? बेसो, बेन." पिशवीला हातही लावला नाही. यांची बॅग मात्र पार तळापर्यंत तपासली. मला यांच्यासाठी वाईट वाटलं.

इथे पोचल्यावर थंडी वाजली म्हणून शाल काढायला गेले. शालीच्या घडीत बाटली.

"तुझी पिशवी कोण बघणार?" हसत म्हणाले आणि सोडा आणायला निघाले. त्या पोलिसाने उघडली असती तर? नोकरी गेली असती. वर्गातल्या मुलींसमोर कोणत्या तोंडाने उभी राहिले असते?

पण टोचतंय ते वेगळंच. झेंडा अजून पदरालाच होता. तो काढताना आठवलं, पंधरा ऑगस्टला सुरतेला नणंदेकडे निघालो तेव्हाही माझी पिशवी यांनीच भरली होती. आणि तेव्हाही म्हणाले होते, "राहू दे, शोभतो."