आई-बाबांच्या लग्नाची तारीख

द्वारका, नाशिक
९ जानेवारी २०२५

चि. संजनास, अनेक उत्तम आशीर्वाद.

पाड्यावर फोन लागत नाही आणि टेकडीवर चढून बोलावं तर अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं, म्हणून हे पत्र सुरगाण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देतोय. आई-बाबांना नीट वाचून दाखव. बातमीच तशी आहे.

मी ज्यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात कामाला आहे ते निवृत्तीशेठ यंदा व्यापारी असोसिएशनचे अध्यक्ष झाले. असोसिएशनने आपला पाडा दत्तक घेतलाय हे तुला ठाऊक आहेच. दप्तरं वाटून झाली, डोळ्यांचं शिबिर झालं, आता पुढे काय करायचं अशी मीटिंगमध्ये चर्चा चालली होती. मी चहा देता देता बोलून गेलो, की आमच्याकडे ऐपत नसली तर लग्न न लावताच संसार मांडतात, मग पोरं मोठी होतात तरी ते राहूनच जातं. माझ्याच आई-बाबांचं राहिलंय. मला वाटलं आता हसतील. पण शेठच्या डोळ्यांत पाणी आलं गं! त्यांनी तिथेच जाहीर केलं: सामुदायिक लग्न लावायचं, मांडव, बँड, जेवण, साडी, भांडी सगळं असोसिएशनचं, आणि पहिलं जोडपं रवीचे आई-बाबा. सोळा फेब्रुवारी धरलीय.

बाबांना खोकल्याचं औषध वेळेवर दे. त्यांना आणि आईला माझा नमस्कार सांग. तुझ्यावरचा माझा जीव तू जाणतेसच.

तुझा दादा,
रवी


जांभूळपाडा, ता. सुरगाणा
१६ जानेवारी

ती. रवीदादास, सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचून घेतलं दोघांनी. आईने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली की डोकं पांढरं झालं, आता हळद लावायची तरी कुठं. बाबा खोकत खोकत हसले. म्हणाले, हिला घरात आणली त्या साली भात पिकला नव्हता, पुढल्या साली लगीन लावू असा बोल दिला होता, तो फेडायचा राहिला हाय.

नंतर भाकरी थापताना आई माझ्याशी जे बोलली ते तुला सांगते. आपल्याकडे लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो फक्त लग्न लागलेल्या बायांनी लिहायचा. आईने पाड्यातल्या किती लग्नांत भात शिजवला असेल, पण चौक लिहायच्या वेळी ती पलीकडच्या भिंतीला टेकून बसते. मी लहानपणापासून बघत आले, कधी विचारलं नाही. आता म्हणते, संजनाच्या लग्नाचा चौक मीच लिहिणार. माझा नवरा अजून ठरला नाही पण चौक ठरला!

मी आईची करवली होणार आहे. असं भाग्य तुमच्या नाशकात कुणाला लाभलंय का, विचार शेठना. तब्येतीला जप, आणि धाकटीची आठवण राहू दे.

तुझी,
संजना


द्वारका, नाशिक
२० फेब्रुवारी

चि. संजनास, अनेक आशीर्वाद.

तारीख पुढे गेल्याचा निरोप मिळाला असेल. रागावू नको. आपली निम्मी माणसं पिंपळगावला द्राक्षांवर गेलीत, जोडपी जमली अवघी नऊ. शेठ म्हणाले, एवढ्यावर मांडव ओकाबोका दिसेल, पाहुण्यांना काय दाखवायचं? आता अक्षय्य तृतीया धरलीय. तोवर माणसं परत येतात, मुहूर्तही उत्तम.

आई-बाबांना फोटोसाठी इथे आणलं होतं, त्याचा फ्लेक्स इथल्या द्वारका चौकात लागला. मुंडावळ्या बांधलेले दोघं एवढे मोठे! बाबा कॅमेऱ्याकडे न बघता आईकडे बघतायत. मी दुकान उघडायच्या आधी रोज तिथे जरा थांबतो. येणारे-जाणारे विचारतात, मी सांगतो, माझे आई-बाबा आहेत.

सर्वांना नमस्कार. लोभ आहेच, वाढवत राहा.

तुझा दादा,
रवी


जांभूळपाडा
५ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

बाबांचे पाय सुजलेत. ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं, डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, गोळ्या चालू ठेवा आणि फिरवू नका. दम लागतो म्हणून रात्रंदिवस भिंतीला टेकूनच असतात.

सरुबाई बघायला आली होती. ती आपली धवलेरी, पाड्यातली सगळी लग्नं तिनेच गाऊन लावलेली. ती म्हणाली, मांडव नको नि बँड नको, पुढल्या गुरुवारी अंगणात बसवते दोघांना, सांजेपर्यंत लगीन लागतं. बाबांनी लगेच मान हलवली. आईने तर चौकासाठी तांदूळ भिजत घातले. मग तीच थांबली. म्हणाली, रवीने तिकडं शब्द दिलेला हाय, त्याला इचारल्याबिगर नको.

दादा, फक्त हो म्हण. उलट टपाली कळव. वाट बघतेय.

तुझी,
संजना


द्वारका, नाशिक
९ मार्च

चि. संजनास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिशात घेऊन दोन दिवस फिरलो, मग शेठना विचारलंच. ते मायेने बोलले, पण म्हणाले, आधीच लग्न लागलेल्यांना मांडवात बसवलं तर असोसिएशन खोटं ठरेल, लोक नाटक म्हणतील. फ्लेक्स लागलाय, पत्रिका छापायला गेल्यात, पहिलं नाव आपलंच आहे.

तर आईला सांग, थोडी कळ काढ. आयुष्यभर थांबलात, आता दीड महिन्याने काय होतंय? सरुबाईने अंगणात गुपचूप लावण्यापेक्षा सगळ्या जिल्ह्यादेखत होऊ दे. तिच्या वाट्याला कधी काही मोठं आलं नाही, हे तरी मोठं होऊ दे. बाबांसाठी शेठ गाडी पाठवणार आहेत, मांडवात खुर्चीची सोयही केलीय.

बाबांना सांग, रवी आहे. काळजी करू नका.

तुझा दादा,
रवी


द्वारका, नाशिक
२३ एप्रिल

चि. संजनास, आशीर्वाद.

घाईत लिहितोय. प्रमुख पाहुण्यांना अक्षय्य तृतीयेला जमत नाही, म्हणून अकरा मे केलीय. हीच पक्की. सगळी जोडपी जमली, एक्कावन्न पूर्ण झाली. बाबांना कसं आहे ते कळव.

रवी


द्वारका, नाशिक
१३ मे

चि. संजनास, अनेक आशीर्वाद.

बाबांना माती देऊन मी लगेच निघून आलो, याचा राग तुझ्या मनात असणार. मांडवाच्या वायरिंगचं सगळं माझ्याकडे होतं, दुसरं कुणी नव्हतं. दहाव्या-बाराव्याच्या दिवसांनाही येता आलं नाही.

लग्न पार पडलं. शेठनी बाबांसाठी सगळ्यांना दोन मिनिटं उभं केलं, बोलता बोलता त्यांनी डोळे पुसले. खरंच पुसले, संजना, मी जवळ होतो. आईची साडी आणि भांडी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती, ती टेम्पोने पाठवतोय. घ्या. माणूस वाईट नाही.

आई काय म्हणते? माझ्याबद्दल काही म्हणते का?

तुझा दादा,
रवी


जांभूळपाडा
२० मे

ती. दादास, सा. न. वि. वि.

भांडी पोचली. साडी हिरवी आहे. आईने उलगडून बघितली, घडी घातली आणि माझ्या पेटीत ठेवली. माझ्या लग्नाचा चौक सरुबाईने लिहावा, असं तिने परवा तिला सांगून टाकलं.

शेठ वाईट नाहीत हे मला ठाऊक आहे. तूही नाहीस. राग कुणावर धरायचा तेच कळत नाही, म्हणून तो माझ्याजवळच पडून आहे.

तू दिवसांना नव्हतास, म्हणून जे झालं ते लिहिते. बाया आईच्या बांगड्या फोडायला जमल्या. आईने दोन्ही हात पुढे केले. तेव्हा सरुबाई रडत म्हणाली, लगीन लागलं नाही तर ह्या बांगड्या संजनाच्या बापाच्या नावाच्या नाहीत, फोडता येत नाहीत. म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. आई हात तसेच धरून बसली होती. मग उठून पलीकडच्या भिंतीशी गेली आणि नेहमीच्या जागी टेकून बसली.

तू विचारलंस म्हणून सांगते, तुझ्याबद्दल ती काही म्हणत नाही. बांगड्या अजून हातात आहेत. भाकरी थापताना वाजायच्या, म्हणून तिने बाबांच्या जुन्या धोतराची चिंधी फाडून त्यांना गुंडाळलीय.

लोभाचं काय लिहू, तो आहे तिथेच आहे.

तुझी,
संजना