तबिथाच्या पाचारणाची हकीकत

सेनगाव, जुलै २००४

आदरणीय दाजी आणि आक्का,

तुम्हा दोघांना यशवंताचा, नीलाबाईचा आणि गिरणीच्या नव्या पट्ट्याचा प्रभूमध्ये सलाम. (पट्टा कालच बसवला. घरात सध्या तोच एक सरळ चालतो, म्हणून त्याचंही नाव घातलं.) आक्काचे गुडघे आता कसे आहेत? जिना चढताना ती अजून स्तोत्र म्हणते का, की आता नुसतीच कण्हते? आणि दाजी, तुमची साखर? निवृत्त झाल्यापासून तुम्ही परभणीत रोज पहाटे फिरता असं ऐकून आनंद वाटला. हेडमास्तर माणूस रिकामा बसला की घरच्यांची हजेरी घेऊ लागतो, त्यापेक्षा फिरलेलं बरं. गेले दोन नाताळ तुमचं कार्ड आलं नाही. ती टपालखात्याची चूक असणार असं मी धरून चाललो आहे.

आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे तसं म्हणायची पद्धत आहे. खरी गोष्ट अशी की तबिथा बारावी झाली. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून, एकदाही शाळेचं तोंड न पाहता, साठ टक्क्यांच्या वर. आता तुम्हाला आठवतं की नाही कोण जाणे (मला आठवत नाही असं मी नीलाला सांगत असतो), पण चौथीनंतर मी पोरीला शाळेतून काढलं तेव्हा तुम्ही ह्याच अंगणात उभं राहून म्हणाला होता, "यशवंता, पोरगी हाये ती, बियाणं न्हाई. कणगीत झाकून काहून ठेवून राहिला?" त्यावर मी शाळेला मेंढवाडा म्हणालो, आणि तुम्ही स्वतः हेडमास्तर असल्यामुळे त्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला. आक्का निम्मं ताट तसंच ठेवून उठली. असो. त्या साली सभेला आलेल्या त्या गोऱ्या पाहुण्याने सांगितलं होतं की त्यांच्या मुलखात देवभिरू माणसं लेकरांना घरीच शिकवतात. त्यांच्या घरात वर-खाली मिळून आठ खोल्या असतात आणि त्यातल्या एकीतही पिठाची गिरणी नसते, एवढं मात्र तो सांगायचा राहिला.

आमची शाळा गिरणीतच भरायची, कारण मी गिरणी सोडून उठू शकत नव्हतो. गणित नीलाकडे होतं. बाकी सगळं माझ्याकडे. दळण चालू असताना शिकवायचं म्हणजे ओरडून शिकवावं लागतं आणि उत्तरही ओरडूनच द्यावं लागतं, त्यामुळे पानिपतची लढाई आमच्याकडे खरोखर लढाईसारखी झाली. परिणाम असा की तबिथा आज कुणाला "पाणी देता का" असं हळू आवाजात जरी विचारू लागली तरी समोरचा माणूस एक पाऊल मागे सरतो. इंग्रजीसाठी माझ्याजवळ जुन्या मिशनरी मॅडम मागे ठेवून गेलेलं मोठं बायबल होतं, चारेकशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं. पोरीने ते पाठ केलं. आता ती इंग्रजी बोलते ती मोशेने डोंगरावरून उतरताना बोलावी तशी. (परीक्षेच्या पेपरात तिने पत्रलेखनात प्राचार्यांना 'दाऊ', म्हणजे बायबलातल्या देवासारखं 'तू', म्हणून संबोधलं होतं. तपासणाऱ्याला देव बरं करो, त्याने पास केलं.)

निकाल लागला आणि जो तो विचारू लागला, पुढं काय? तांड्यावरचा लालसिंग ज्वारी घेऊन येतो, त्याने विचारलं. एसटीच्या कंडक्टरने विचारलं. आठ वर्षं पोरीला काय शिकवायचं याचा मी विचार केला, पण शिकून झाल्यावर तिचं काय करायचं हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात नव्हता. माझं मत ठरलेलं होतं की तिने बायबल शाळेत जावं आणि सेवेला लागावं. नीलाचंही ठरलेलं होतं की नर्स व्हावं. तिचं म्हणणं, आपल्यात पोरगी जन्मली की पांढरा गणवेश तिच्याबरोबरच जन्माला येतो, उगाच देवाच्या कामात खोडा कशाला. पोरीला काय वाटतं हे आम्ही विचारलं नाही असं नाही. विचारलं, पण दळण चालू असताना विचारलं.

आधी नीलाचा मान राखला. तिघं काळीपिवळी जीपमध्ये बसून हिंगोलीला गेलो. एका दवाखान्यात नर्सिंगचा कोर्स चालतो, तिथल्या मोठ्या सिस्टरबाईंनी तबिथाला वॉर्ड दाखवायला नेलं. मी बाप या नात्याने मागून गेलो. एका म्हाताऱ्याच्या पाठीवरचं गळू साफ करणं चाललं होतं. दाजी, मी वधस्तंभावर किती तरी वेळा प्रवचन केलं आहे, रक्त हा शब्द माझ्या तोंडात सहज येतो. पण ते गळू पाहिलं आणि मला एकदम हिंगोली लांब लांब जाताना दिसू लागली. शुद्धीवर आलो तेव्हा मी त्या म्हाताऱ्याशेजारच्या खाटेवर होतो आणि म्हातारा माझ्याकडे कीव करून पाहत होता. तबिथा माझ्या तोंडावर पाणी मारत होती. सिस्टरबाई म्हणाल्या, पोरीला घेते, पण फादरला पुन्हा आणू नका. नीला खूश. परतताना जीपमध्ये पोरगी एवढंच म्हणाली, "रक्ताचं भेव न्हाई मला. पण तिथं सगळे झोपलेले हायेत बाबा. बोलावं कुणाशी?" मला वाटलं पोरगी दमली आहे.

मग माझी पाळी. बायबल शाळेचे पाळकसाहेब एका लग्नासाठी वसमतकडे आले होते, त्यांना मी वाकडी वाट करून घरी जेवायला आणलं. नीलाने कोंबडी केली. जेवण झाल्यावर साहेबांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि गंभीरपणे विचारलं, "बेटा, तुला सेवेचं पाचारण झालं आहे का?" तबिथाने बराच विचार केला. मग तिच्या त्या आवाजात म्हणाली, "बाबांना झालंय. मला अजून न्हाई."

शेजारच्या अंगणातली कोंबडी उडाली. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. माझ्याकडे पाहून म्हणाले, मग खंदारे, तुम्हीच या की. जागा आहे. नीला पदर तोंडाला लावून आत गेली. ती रडली असं मी आजवर समजत होतो.

राहिलं कॉलेज. ते मला नको होतं, पण नीला म्हणाली, बघायला काय जातं. म्हणून परत हिंगोली, या वेळी मी आणि तबिथा दोघंच. (नाव लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष थोडाच आहे.) मी प्राचार्यांना भेटलो आणि अगदी अदबीने विचारलं की पोरीला घालण्याआधी मला आठ दिवस वर्गात मागे बसून तुमचं शिकवणं तपासता येईल का. माणूस भला असावा. त्यांनी चहा मागवला. मग मी त्यांना अभ्यासक्रमातल्या चुका सांगू लागलो, आणि या भानगडीत पोरगी बाहेर बाकड्यावर बसली आहे हेच विसरलो.

तितक्यात वरच्या मजल्यावरून आरोळी आली. "प्रेझेंट सर!"

दाजी, गिरणीच्या पट्ट्यावरून आठ वर्षं जो आवाज ऐकला तो मी ओळखणार नाही? प्राचार्यांच्या कपातला चहा बशीत आला. आम्ही दोघं जिना चढून धावलो. वर भूगोलाचा वर्ग चालू होता आणि आमची तबिथा दोन पोरींच्या मधे बाकावर बसली होती, मांडीवर कुणाची तरी वही, आणि तोंडावर असं हसू की मी ते गिरणीत कधी पाहिलं नव्हतं. झालं होतं असं की वर्गात जाणाऱ्या दोघी पोरींशी ती बोलायला लागली आणि बोलत बोलत त्यांच्याबरोबर वर गेली. सरांनी हजेरी घेतली. शीतल नावाची कुणी पोरगी आली नव्हती. दुसऱ्यांदा नाव पुकारलं तरी कुणी ओ देईना, तेव्हा हिला वाईट वाटलं, म्हणून हिने दिली.

प्राचार्य म्हणाले, ॲडमिशनच्या आधीच प्रॉक्सी! मी गप्प बसायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी भर वर्गात म्हणालो की माझी पोरगी आठ वर्षं खोटं बोलली नाही आणि तुमच्या कॉलेजात पाय ठेवून अर्धा तास झाला नाही तोच बोलली, मग शिकवता तरी काय? पुढचं सांगत नाही. शिपायाने आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. तबिथाने जाता जाता त्याला "पीस बी अनटू दी" असा आशीर्वाद दिला, त्याला वाटलं शिवी दिली.

परतीच्या जीपमध्ये मी बराच वेळ बोलत होतो, कशावर ते आठवत नाही. नर्सीच्या पुढे आलो तेव्हा पोरगी मधेच म्हणाली, "बाबा, गिरणी बंद हाये आत्ता. ऐकता का जरा?"

आणि मग ती हळू आवाजात बोलली. तिला हळू बोलता येतं हे मला त्या दिवशी कळलं. म्हणाली, "तुमी मला लई शिकवलं. पण मी कधी कुणाच्या मागच्या बाकावर बसले न्हाई, कुणाची वही उतरवली न्हाई, कुणी माझी डब्यातली भाजी खाल्ली न्हाई. तुमी इचारता काय व्हायचं. मला कसं ठाऊक असंल बाबा? आधी चार पोरी तरी पाहू द्या की, त्या काय होऊन राहिल्यात. मग सांगते."

जीपमध्ये बारा-तेरा माणसं होती. ड्रायव्हर हरिचंद आरशात पाहून म्हणाला, बराबर बोलली पोरगी. मी त्याला समोर बघून गाडी चालव म्हणालो.

घरी येऊन मी गिरणी सुरू केली. दळण नव्हतं, तरी सुरू केली. माझ्या हातचा एकुलता एक विद्यार्थी उद्या दुसऱ्याच्या बाकावर बसणार, हे मनाला पटायला जरा आवाज हवा होता. नीला आली, म्हणाली डोळे का लाल झाले? पीठ गेलं म्हणालो. ती म्हणाली, जात्यात दाणे नाहीत, पीठ कुठलं? मग तिनेच खटका बंद केला आणि आम्ही दोघं पोत्यावर बसून राहिलो. ती म्हणाली, जाऊ द्या तिला. मी म्हणालो, मी कधी अडवलं? माझं पहिल्यापासून हेच मत होतं.

तर असं सगळं आहे. तुमच्या तब्येतीला जपा, आक्काला माझी आठवण सांगा, आणि तिने त्या दिवशी न जेवलेलं ताट आमच्याकडे कधीही वाढून तयार आहे.

तुमचा मेहुणा,
यशवंत शमुवेल खंदारे

ता. क. हिंगोलीचं दार मीच लावून घेतलं, तेव्हा परभणीशिवाय मार्ग नाही. तुमच्या घरासमोरच मुलींचं कॉलेज आहे असं ऐकतो. तीन वर्षं पोरीला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? तुम्ही त्या वेळी बोललात ते चूक होतं असं माझं आजही मत आहे, फक्त ते कुठे चूक होतं ते सापडत नाही.

ता. क. दुसरा. ती घरकाम करते, कमी खाते, आणि तुमच्या डाव्या कानाला जरा कमी ऐकू येतं म्हणतात, तर त्याचीही सोय होईल.

ता. क. तिसरा. तुमचा होकार येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. पण ॲडमिशनची मुदत उद्या संपते असं कळलं आणि आज सकाळच्या एसटीत जागा मिळाली, म्हणून हे पत्र टपालात न टाकता तबिथाच्याच हाती पाठवतो आहे. ती तुमच्या दारात ट्रंक घेऊन उभी असेल आणि तुम्ही उंबऱ्यावर हे वाचत असाल. ही ओळ खरं तर सगळ्यांत वर लिहायची होती, पण तिथे आक्काचे गुडघे आले. तिला आधी आत घ्या दाजी. सकाळपासून पोरगी उपाशी आहे.